रात्री अकराचा फोन आणि दीडशे रुपयांची नोंद

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

ताई, नमस्कार. मी आर्णी तालुक्यातला, पाच एकर कोरडवाहू. २०२४ च्या तान्ह्या पोळ्याला माझा नऊ वर्षांचा पोरगा दुपारी चिंचेवरून पडला. उजवं कोपर टम्म सुजलं. माझ्या मायनं हाडवैद्याला बोलावलं, त्यानं चोळून कामट्या बांधल्या. पोट्टं लय रडू लागलं म्हणून संध्याकाळी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात नेलं. हाडाचे मोठे डॉक्टर नागपूरहून आठवड्यातून दोनदा येतात, ते त्या दिवशी होते. त्यांनी कामट्या सोडल्या, फोटो काढला, पक्कं प्लास्टर घातलं आणि घरी न्या म्हणाले. साडेसहा हजार झाले. पाच साळ्यानं फोनपे केले, बाकी नगदी. बिल म्हणून कच्ची चिठ्ठी दिली.

रात्री पोरगं तळमळत होतं. अकराला दवाखान्यात फोन लावला, कंपाउंडर म्हणाला दुखतेच, गोळी द्या. तीनला पुन्हा लावला, तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी घेऊन गेलो. मोठे डॉक्टर नव्हते. सिस्टरनं इंजेक्शन दिलं, दीडशे फोनपे घेतले, परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बोटं थंडगार, काळी-निळी. तेव्हा तिथल्या डॉक्टरनं प्लास्टर कापलं आणि चिठ्ठी देऊन सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं त्याच दिवशी ऑपरेशन झालं, पुढं मांडीची कातडी लावली. हात वाचला. पण आता मनगट सरळ केलं की बोटं मुठीसारखी मिटतात, मनगट खाली वाकवलं तरच थोडी उघडतात. पेन धरता येत नाही.

गावातले एक पुढारी दवाखान्याकडून पन्नास हजार घेऊन आले आणि स्टॅम्पवर सही मागतात. चुलतभाऊ म्हणतात, दवाखान्यात जाऊन हिसका दाखवू, पोलीस केस करू. एक वकील तिसरा हिस्सा मागतात. आणि सगळे म्हणतात, हाडवैद्याचं नाव कुठंच काढू नका. काय करू ते सांगजा.

उत्तर:

भाऊ, पहिली गोष्ट, त्या स्टॅम्पवर सही करू नका. पन्नास हजारांची नड मला कळते. या वर्षी सोयाबीननं काय दिलं तेही कळते. पण असल्या कागदावर बहुधा दोन वाक्यं लिहिलेली असतात: उपचारात कोणाचीही चूक नव्हती, आणि यापुढं आमची कोणतीही तक्रार राहणार नाही. ही सही तुमची असेल, पण हात पोराचा आहे. उद्या हाताच्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च निघाला तर हाच कागद तुमच्या तोंडावर फेकला जाईल. पुढाऱ्यांना सांगा, वकिलाला दाखवतो, झेरॉक्स द्या. देत नसतील तर कागद कसा आहे ते तिथंच समजलं.

आता मूळ प्रश्न. केस आहे का? माझ्या मते आहे. मात्र तुम्हाला वाटते त्या कारणानं नाही. तुमच्या सगळ्या पत्रात राग प्लास्टरवर आहे. दावा मात्र त्या रात्रीच्या फोनवर आणि दुसऱ्या दिवशीच्या इंजेक्शनवर उभा राहील.

कोपराच्या जरा वरचं हाड मोडणं हे लहान मुलांचं नेहमीचं मोडणं आहे. त्या जागी सूज भराभर वाढते. सूज आतून वाढते आणि बाहेरून प्लास्टर हलत नाही, मग कोपर ते मनगटाच्या मधल्या स्नायूंवर दाब येतो, त्यांचं रक्त तुटते, आणि साधारण सहा-आठ तासांत स्नायू मरायला लागतात. मेलेला स्नायू आखडतो, त्याच्यासोबत बोटं ओढली जातात. तुम्ही मनगटाचं जे लिहिलं ते त्याचंच लक्षण, ऑर्थोपेडिकचा विद्यार्थीसुद्धा ते वाचून ओळखेल. फोकमन नावाच्या जर्मन सर्जननं घट्ट बांधलेल्या हाताचं हे दुखणं १८८१ मध्येच लिहून ठेवलं, आजही ते त्याच्याच नावानं ओळखलं जाते. म्हणजे 'असं होईल हे कोणाला माहीत होतं' हा बचाव कोणत्याही हाडाच्या डॉक्टरला नाही.

पण हेही ऐका. हा दाब नुसत्या मोडण्यानंही येऊ शकतो, उत्तम डॉक्टरच्या हातूनही. वाईट निकाल म्हणजे हयगय असं कायदा मानत नाही. त्या परिस्थितीत बऱ्यापैकी जाणकार डॉक्टरनं जे केलं असतं ते यांनी केलं का, एवढंच पाहतात. ताज्या सुजेवर गोल पक्कं प्लास्टर का, अर्धं प्लास्टर, म्हणजे स्लॅब, का नाही, हे तज्ज्ञाला विचारण्यासारखं आहे. त्यावर दोन डॉक्टर दोन मतं देतील. मात्र प्लास्टरनंतर वाढत जाणारं, गोळीनं न थांबणारं दुखणं ही धोक्याची घंटा आहे, बोटं पाहायची, सरळ करून पाहायची, प्लास्टर कातडीपर्यंत चिरून सैल करायचं, यावर दोन मतं मिळणं कठीण आहे. तुम्ही दोनदा फोन केला, एकदा पोरगं नेऊन दाखवलं, आणि प्रत्येक वेळी दुखणं दाबायचं औषध मिळालं. हयगय म्हणतात ती ही.

आणि म्हणून तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे 'दीडशे फोनपे घेतले'. तुम्ही ते सहज लिहून गेलात. दवाखाना म्हणू शकतो, दुसऱ्या दिवशी हे आलेच नाहीत, दोन दिवस घरी बसले, म्हणून हात गेला. हा बचाव मी नेहमी पाहते. तुमच्या बँकेच्या उताऱ्यात मात्र त्या दिवशीची तारीख आहे, फोनपेमध्ये दुपारची वेळही आहे, आणि पैसे दवाखान्याच्या किंवा तिथल्या माणसाच्या खात्यात गेलेले दिसतात. उद्याच बँकेत जाऊन सप्टेंबर २०२४ चा शिक्का मारलेला उतारा घ्या. साळ्याच्या पाच हजारांचाही घ्या. पैसे दिल्याचा पुरावा असला की तुम्ही ग्राहक ठरता आणि ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या कोर्टात, दाद मागता येते, कच्ची चिठ्ठी असो नाही तर नसो. ती चिठ्ठीही जपा. रात्रीचे फोन ज्या मोबाइलवरून केले तो विकू नका, बदलू नका, पोट्ट्यांना गेम खेळायला देऊ नका. रेकॉर्डिंग किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलेला बोटांचा फोटो असेल तर तो मूळ फोनमध्येच राहू द्या. कोर्टात अशा गोष्टी द्यायच्या तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागते, ते वकील करून देतील.

हाडवैद्याचं लपवा म्हणणारे तुमचे हितचिंतक असतील, पण सल्ला चुकीचा आहे. सेवाग्रामला दाखल करताना डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला असेल, कधी पडला, आधी कुठं दाखवलं. तुमच्या मायनं सांगितलं असणारच. ते केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असते, 'आधी गावठी उपचार, कामट्या बांधल्या' अशा अर्थाचं. तुम्ही शपथेवर 'असं काही नाही' म्हणाल, समोरचा वकील ते पान काढेल, आणि मग तुमचे रात्रीचे फोनही खोटे वाटायला लागतील.

उलट खरं सांगून काय होते ते पाहा. कामट्या दवाखान्यानं सोडल्या. त्यानंतर प्लास्टर घालायच्या आधी डॉक्टरनं बोटं हलतात का, मनगटाची नाडी लागते का, बोटांना चिमटा कळतो का, हे तपासून लिहायला हवं. त्यांच्या कागदावर 'बोटांची हालचाल ठीक, रक्तपुरवठा ठीक' असं असेल, तर हाडवैद्याच्या बांधण्यानं हात गेला हे त्यांना म्हणताच येणार नाही. त्यांच्याच अक्षरात त्या संध्याकाळी हात चांगला होता. आणि असं काहीच लिहिलेलं नसेल, तर हाडवैद्याकडून आलेल्या, सुजलेल्या हाताला न तपासता पक्कं प्लास्टर घातलं असा अर्थ निघतो. दोन्हीकडून ते अडकतात. आयोग कदाचित भरपाईतून थोडा वाटा कापेल, त्या दोन-तीन तासांबद्दल. कापू द्या. मायला मात्र घरात कोणी बोलू नका. खेड्यापाड्यांत हाड मोडलं की आधी हाडवैद्य हे पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे, आणि त्या दुपारी तिनं जे केलं ते नातवासाठीच केलं.

तर हा कागद मिळवणं हे पहिलं काम. तालुक्याच्या दवाखान्याला साध्या मराठीत अर्ज लिहा: अमुक तारखेला माझ्या मुलावर उपचार झाले, त्याचे केसपेपर, ओपीडी नोंद, एक्स-रे, नर्सच्या नोंदी, बिलं यांच्या प्रती द्याव्या. दोन प्रती करा, एकीवर शिक्का-सही घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपा. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. याच नियमावलीत दाखल रुग्णांचे कागद ३ वर्षं जपायला सांगितलं आहे. तुमचा पोरगा दाखल नव्हता, बाहेरच्या बाहेर प्लास्टर झालं, म्हणून 'कागद नाहीत' हे उत्तर येण्याची शक्यता धरा. आलं तर ते लेखी घ्या. पावती मागताना आवाज चढवू नका, सोबत दहा माणसं नेऊ नका. दिलं नाही तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांसाठी २०२१ पासून जे नियम लागू आहेत त्यांत रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणं बंधनकारक आहे. तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवर ती दिसते का, जाल तेव्हा पाहून या.

सेवाग्रामची फाइल त्याहून महत्त्वाची. तिथल्या नोंदणी विभागात अर्ज करून पूर्ण फाइल मागा, फक्त डिस्चार्ज कार्ड नको. ऑपरेशनच्या टिपणात स्नायू कसे दिसले, किती मेलेले काढले, हे लिहिलेलं असते. रेफर केलेली चिठ्ठीही त्याच फायलीत असेल. प्लास्टर किती वाजता कापलं हे तिच्यावर आहे का पाहा.

मुदतीचं नीट समजून घ्या, कारण इथं पुष्कळ लोक फसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. तुम्ही 'तान्हा पोळा' म्हणून तारीख लक्षात ठेवली आहे. पोळा येतो तिथीनं, मुदत चालते तारखेनं. २०२४ ला पोळा २ सप्टेंबरला होता, तान्हा पोळा ३ ला. म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमची दोन वर्षं भरतात. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो. 'पोळा झाला की करू' म्हणाल तर मुदत गेलेली असेल. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण सबळ कारण द्यावं लागते आणि समोरचा त्यावरच वर्षभर भांडतो. पोरगा अज्ञान आहे म्हणून मुदत थांबते असं कोणी म्हणेल, त्यावर विसंबू नका. मृगाच्या आत, पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आधी तक्रार दाखल झालेली मला पाहायची आहे.

कुठं दाखल करायची? यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्ह्यात दाखल करण्याची सोय २०१९ च्या कायद्यानं दिली आहे. नागपूरच्या डॉक्टरवर तक्रार म्हणून नागपूरला हेलपाटे घालायची गरज नाही. कोणत्या पायरीचा आयोग हे तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, दवाखान्याला किती पैसे दिले त्यावर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. तुम्ही दिले साडेसहा हजार आणि वर दीडशे, आणि ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा लागत नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, पण तुमच्याकडे कागद जास्त आहेत, पहिल्या खेपेला प्रत्यक्ष जाऊन दिलेलं बरं. अज्ञान मुलाच्या वतीनं आईबापानं तक्रार करावी हे कायद्यातच लिहिलं आहे. मुलाचं नाव, त्याचे पालक म्हणून तुमचं आणि तुमच्या बायकोचं नाव, आणि तुमचा स्वतःचाही दावा घाला. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात हेच सांगितलं: टायफॉईडच्या उपचारात नर्सनं भलतंच इंजेक्शन दिल्यामुळं एका लहान मुलाचा मेंदू कायमचा गेला, तेव्हा मूलही ग्राहक आणि आईबापही ग्राहक, असं मानून मुलाला साडेबारा लाख आणि आईबापाला वेगळे पाच लाख दिले. तुमच्या पोराला तेवढे मिळतील असं मी म्हणत नाही. आकडा प्रत्येक प्रकरणाचा वेगळा.

तक्रारीत कोणाकोणाला घालायचं? दवाखाना, त्याचा मालक आणि नागपूरचे डॉक्टर, तिघांनाही. दवाखाना म्हणेल, मोठे डॉक्टर आमचे नोकर नाहीत, पाहुणे म्हणून येतात. हा बचाव सुप्रीम कोर्टानं २००४ मध्येच निकाली काढला: तुम्ही दवाखान्यात आलात, डॉक्टर कायम आहे की बाहेरून बोलावलेला ही त्यांची आपसातली बाब. कंपाउंडर आणि सिस्टरच्या वागण्याची जबाबदारीही दवाखान्याचीच. मला तर खरा दोष इथंच दिसतो. मंगळवारी प्लास्टर घालून डॉक्टर नागपूरला निघून गेले, तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या प्लास्टरकडं पाहणारा जाणता माणूस दवाखान्यात नव्हता, आणि तशी सूचनाही कोणी घरी दिली नाही. विदर्भात तालुक्या-तालुक्यांत असे आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर आहेत. ते येतात म्हणून लोकांची सोय होते, हे खरंच आहे. पण ते नसताना कोण पाहणार, याचं उत्तर दवाखान्याकडं हवं.

हाड मोडलेल्या पोराचा खटला आपल्या महाराष्ट्रातून फार आधी सुप्रीम कोर्टात गेला आहे. १९५३ ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाची मांडी मोडली, त्याला पुण्याला नेलं, तिथं पुरेशी भूल न देता हाड ओढून बसवलं गेलं आणि तो दगावला. आईबापांनी दावा लावला, तो १९६८ ला सुप्रीम कोर्टात निकाली निघाला, आणि त्यांना ३ हजार रुपये मिळाले. रक्कम त्या काळची. पण त्या निकालातली तीन कर्तव्यं अजून प्रत्येक प्रकरणात वाचली जातात: हा रुग्ण घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. तुमचं प्रकरण तिसऱ्यात बसते.

तज्ज्ञाचं मत लागेल का? २०१० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रत्येक प्रकरणात लागतच नाही, हयगय उघड दिसत असेल तर त्याशिवायही चालते. तरी माझा आग्रह आहे की मिळवा. आपल्या भागातला डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही, यात नवं काही नाही. मग वाकडा प्रश्न विचारू नका. 'डॉक्टर चुकले का' असं विचारलं की दार बंद होते. 'प्लास्टरनंतर वाढत्या दुखण्याची तक्रार आली तर काय करायला हवं' असं विचारलं की लिहून मिळते. बाकी आयोग स्वतः सरकारी डॉक्टरांच्या समितीचा अहवाल मागवू शकतो.

किती वेळ लागेल हे खरं सांगते. कायद्यात काही महिन्यांचं लिहिलं आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात. नोटीस मिळाल्यावर उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस, फार तर आणखी १५, त्याहून जास्त नाही. एवढं मात्र आयोग कडक पाळतात. नंतर शपथपत्रं, युक्तिवाद. तुमच्या बाजूनं निकाल लागला तरी ते ४५ दिवसांत नागपूरच्या राज्य आयोगाच्या खंडपीठात अपिलाला जाऊ शकतात, पण त्याआधी निम्मी रक्कम भरावी लागते. मध्येच समेटाची बोलणी निघाली तर ती आयोगाच्या मध्यस्थी कक्षात करा, तिथं लिहून होते आणि मोडता येत नाही. बऱ्याच डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असतो. 'देवमाणसाला रस्त्यावर आणलं' हे गावात ऐकावं लागेल तेव्हा हे लक्षात असू द्या.

वकिलाचं. निकालाच्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तिसरा तर नाहीच, दहावाही नाही. ठरावीक फी ठरवा, हप्ते पाडून घ्या, पावती घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, यवतमाळच्या न्यायालयातच कार्यालय आहे, तालुका न्यायालयात समिती असते, फोन १५१००. बायका आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. तुमचा पोरगा मूलच आहे, त्याच्या नावानं अर्ज करा. आयोगात वकील सक्तीचाही नाही, पण वैद्यकीय प्रकरण एकट्यानं लढू नका.

चुलतभावांना बसवून सांगा की दवाखान्यात हिसका दाखवला तर तिथंच केस संपली. २०१० च्या राज्याच्या कायद्यानं डॉक्टरवर हात टाकणं किंवा दवाखान्याची नासधूस करणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, वर फोडलेल्या सामानाची दुप्पट भरपाई. मग दवाखाना फिर्यादी आणि तुम्ही आरोपी. पोलिसांत जायचं तर तिथंही डॉक्टरला थेट अटक होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून फौजदारी गुन्ह्यासाठी साधी हयगय पुरत नाही, ढोबळ, अक्षम्य हयगय दाखवावी लागते, आणि पोलिसांना आधी तटस्थ, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं लागते. तुमच्या प्रकरणात तेवढा जोर आहे का, मला शंका आहे. आणि त्यातून पोराच्या हाताला एक रुपया मिळत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं तक्रार करता येते, तिथं डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते, पैसे नाहीत. ती नंतर करा, किंवा करू नका. माझी शक्ती मी आयोगावर लावीन.

दुसऱ्या वाचकांसाठी एक आडवी गोष्ट, कारण अशी पत्रं पुष्कळ येतात: हेच सरकारी दवाखान्यात, पूर्ण फुकट उपचारात झालं असतं तर ग्राहक आयोगाचं दार सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालाप्रमाणे बंद आहे. पण दिवाणी कोर्टाचं उघडं आहे. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ ला नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये पोटात टॉवेल राहून एक बाई गेली, त्यात १९९६ ला सुप्रीम कोर्टानं राज्य सरकारला जबाबदार धरलं. तेहतीस वर्षं लागली, तेही खरं.

भरपाईच्या हिशेबाला आत्तापासून एक वही घाला. सेवाग्रामची बिलं, औषधं, एसटीची तिकिटं, भाड्याची गाडी, तिथं राहण्याचा खर्च, तुम्ही दोघांनी बुडवलेली मजुरी. पोराच्या शाळेच्या वह्या, पडण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही ठेवा. उजव्या हाताचं अक्षर दोन पानांवर शेजारी-शेजारी ठेवलं की वेगळं बोलावं लागत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यवतमाळला बोर्डापुढं न्या, टक्केवारी लागेल. शाळेतल्या मुलांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, कायमच्या अपंगत्वाला त्यात अनुदान असते, प्रस्ताव मुख्याध्यापकांकडून जातो. गुरुजींना विचारा, तुमच्या प्रकरणात बसते का. हे दाव्यातून वजा होईल म्हणून घाबरू नका.

आणि हे सगळं चालू असताना हाताचा उपचार थांबवू नका. केस लागली म्हणून हात तसाच ठेवला, म्हणजे नुकसान मोठं दिसेल, असा सल्लाही कोणी दिला असेल तर तो मनातून काढा. आयोग विचारतो, पुढं उपचार का घेतला नाही. त्याहून मोठं म्हणजे पोरगं वाढते आहे, हाड लांबेल, आखडलेला स्नायू लांबणार नाही. बोटं रोज ताणायचा व्यायाम, रात्री आधाराची पट्टी, आणि एका जागचा चालता स्नायू दुसऱ्या कामाला जोडायचं ऑपरेशन, या तिन्ही गोष्टी हाताच्या सर्जनला विचारा. सेवाग्रामलाच आधी दाखवा, त्यांनी हात उघडून पाहिलेला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, तिथल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या. प्रत्येक खेपेचा कागद वहीत.

फाइल मिळाली की सेवाग्रामच्या पहिल्या पानाची आणि ऑपरेशनच्या टिपणाची झेरॉक्स मला पाठवा. पोराचं नाव खोडून पाठवली तरी चालेल, तारखा आणि वेळा मात्र दिसू द्या.